मोटर घ्या, पण आधी स्प्रिंग तपासा

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा: गॅरेजचा दरवाजा हाताने वर उचलावा लागतो, हल्ली तो फार जड झालाय आणि वडिलांचा खांदा दुखतो. विक्रेता १२ 'बिनव्याजी' हप्त्यांत मोटर बसवून देतोय. हप्ते घ्यावेत, की आपत्कालीन निधीतून एकरकमी पैसे भरावेत?

मोटर जरूर घ्या. पण या महिन्यात नको, आणि या दोन्ही वाटांनी नको.

तुमचा 'हल्ली' हा शब्द मला खटकला. दरवाजाचं वजन काही वाढत नाही. ते तोलून धरतात स्प्रिंगा, आणि त्या थकल्या की भार हातावर येतो. अशा दरवाजाला मोटर जोडली तर ती काही दिवस ओढेल, मग तिचे गिअर झिजतील आणि खर्च दोनदा होईल. दरवाजा कमरेपर्यंत उचला आणि हात तसेच ठेवून पकड किंचित सैल करा. तिथेच थांबला तर तोल ठीक आहे. खाली येऊ लागला तर कारागीर बोलवा. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, ताणलेली स्प्रिंग निसटली तर गंभीर इजा होते. तोल साधला की वडिलांचा त्रास त्याच दिवशी कमी होईल आणि मोटरीची घाई उरणार नाही. पैसे जमवायला तुम्हाला वेळ मिळेल तो असा.

हप्त्यांचं म्हणाल तर त्याच विक्रेत्याला रोखीचा भाव विचारा. तो कमी निघाला तर तो फरक म्हणजेच तुमचं व्याज. प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळंच. आणि निधीत जेमतेम ३ महिन्यांचा खर्च आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर लागेल, त्याला हात लावू नका.

आता कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च. साधी स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांची असते. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. तुमच्या २ गाड्या रोज एकदा बाहेर जाऊन परत येतात, म्हणजे दिवसाला ४ फेऱ्या, वर्षाला १,४६०. स्प्रिंग ७ वर्षांच्या आतच संपते. पण मोटर आली की सायकल काढायलाही तोच दरवाजा उघडतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. दिवसाला ६ फेऱ्या झाल्या तर स्प्रिंग साडेचार वर्षांतच जाते. म्हणून आत्ताच बदलायची वेळ आली तर २०,००० फेऱ्यांची मागा. ती महाग असते, पण मजुरी एकदाच लागते. दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही एकदम बदला, कारण दुसरीचंही आयुष्य तेवढंच खर्ची पडलेलं असतं.

यावरून मोटर घेतल्यावर पुढच्या बदलीसाठी महिन्याला बाजूला काढायची रक्कम ठरवा. मोटरीची किंमत भागिले १४४, कारण मी तिचं आयुष्य १२ वर्षं धरते. त्यात स्प्रिंग व मजुरीचा खर्च, ती जितके महिने टिकेल त्याने भागून मिळवा. वीज फारशी नाही: मोटर नुसती जोडलेली असताना ५ वॉट घेत असेल तर वर्षाला सुमारे ४४ युनिट.

घराची किंमत वाढेल, हे विक्रेत्याचं म्हणणं हिशेबात धरू नका. वडिलांसाठी हा खर्च करताय, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

काटकसर करायचीच तर मोबाइलवरून चालवायची सोय वगळा, आवाज चालत असेल तर पट्ट्याऐवजी साखळीची मोटर घ्या. अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरवर मात्र पैसा वाचवू नका. जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत बसवलेली ती जोडी मूल किंवा प्राणी मधे आला तर दरवाजा उलटा फिरवते. अमेरिकेत १९९३पासून घरगुती मोटरींना अशी जादा सुरक्षा सक्तीची आहे. वार्षिक देखभालीचा करार घेताना स्प्रिंग त्यात धरली आहे का, ते विचारा. नसेल तर तो करार मुख्यतः तेलपाण्याचाच, आणि बिजागऱ्या-रोलरांना तेल तुम्हीही देऊ शकता.

कारागीर येऊन गेला की स्प्रिंग किती फेऱ्यांची आहे, ते बिलावर तारखेसकट लिहून घ्या.