गॅरेजमधलं वर्कबेंच आणि मांडणी: वजन जमिनीवर उतरवा, भिंतीवर नको

राम राम भाऊ. अमळनेरला घराला लागून १० बाय १८ फुटांचं, वर पत्रा असलेलं गॅरेज, आता त्यात नुसती मोटारसायकल उभी असते, तिथं वर्कबेंच आणि सामानाला मांडणी करायचीय, तर प्लाय घेऊ की लोखंड आणि रॅक भिंतीला ठोकले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. भिंतीचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे. असल्या गॅरेजच्या भिंती बहुतेक ४ इंची असतात, त्यात फास्टनर मारून पाने-पक्कडींचा बोर्ड लावा खुशाल, पण ठिबकच्या नळ्यांची बंडलं, फवारणी पंप, जुनी मोटर असलं वजन टांगू नका भो. मांडणी पायांवरच उभी पाहिजे, भिंतीला वरून फक्त एक क्लिप, पुढं कलंडू नये म्हणून.

बेंचला लोखंडी सांगाडा आणि वर प्लाय. ४० बाय ४० एमएम ची चौकोनी पाइप घ्या, २ एमएम जाडीची, पातळ घेतली तर कानशीने घासताना बेंच हलतो आणि मग काम करायची मजाच जाते. चाकं लावायचा मोह होईल, लावू नका. टॉपसाठी १८ एमएम चं ८ बाय ४ चं एकच शीट लांबीत मधोमध कापून घ्या आणि दोन्ही तुकडे एकावर एक चिकटवा, म्हणजे ८ फूट लांब, २ फूट रुंद आणि ३६ एमएम जाड टॉप झाला, तुकडाभर पण वाया नाही. एमआर ग्रेडचा प्लाय स्वस्त पडतो पण पत्र्याखाली पावसाळ्यात ओल लागली की फुगतो, बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला जास्त टिकणारा ग्रेड घ्या. चिकटवायचं काम उन्हाळ्यात असेल तर भल्या सकाळी उरका, आपल्याकडं मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो, फेविकॉल शीटच्या दुसऱ्या टोकाला पसरेस्तोवर पहिल्या टोकाला साय धरते आणि मग मधे पोकळ राहतं. दोघं जण लागा, आणि खालून ३० एमएम चे स्क्रू वीतभर अंतरावर मारा, ३५ चे मारले तर टोकं पार वरच्या पापुद्र्याला जाऊन टेकतात.

उंचीला पुस्तकी माप नको, सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मनगट येतं तिथं टॉप. व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरायचा शिकंजा, मात्र बेंचच्या पायाच्या बरोबर वर बसवा, मधे नाही, आणि त्याच्या जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला आली तर कानस सरळ चालते.

आता मांडणी. आधी सगळं सामान अंगणात काढून मांडा आणि मग खणांची उंची ठरवा, लोक उलटं करतात आणि नेमका पंपच बसत नाही. १८ एमएम फळीला दर अडीच फुटावर आधार द्या, कारण दोन आधारांतलं अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाला फळी आठपट वाकते, दुप्पट नाही. जुनं धाब्याचं घर पाडताना निघालेलं सागाचं लाकूड कुठं मिळालं तर फळ्यांना सोनं आहे, वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, पिळ धरत नाही. फक्त रंधा लावायच्या आधी चुंबक फिरवून खिळे काढा.

वाळवीसाठी मांडणी भिंतीपासून ३ इंच सुटी ठेवा, आणि लाकडी पाय असतील तर खाली फरशीचे तुकडे द्या. औषधानं फरक पडतोच, पण तिची मातीची नळी भिंतीवर चढताना दिसली पाहिजे, मागं जागाच नसली तर फळी पोकळ झाल्यावरच कळतं.

थिनर आणि पेट्रोल वरच्या खणात नकोच, पत्र्याखाली तिथंच सगळ्यात जास्त तापतं, आणि ग्राइंडरची ठिणगी उडते त्या बाजूला तर अजिबात नाही. कीटकनाशकं कुलपातल्या पेटीत ठेवा, घरात लेकरं असतील. सॉकेट बेंचच्या वर भिंतीवर घ्या, खाली घेतलं तर वायर पायात येते. १४ इंची कटिंग मशीन आणणार असाल तर एक पॉइंट १६ अँपिअरचा आत्ताच काढून घ्या. आणि दार शटरचं आहे की फाटकाचं ते कळवा, शटर असेल तर गुंडाळीखाली किती उंची उरते तेवढं मोजून सांगा, म्हणजे मांडणी कुठल्या भिंतीला घ्यायची ते बघू.