संजीवनी उलगडली, पण हिरवी झाली नाही

प्रश्न : यात्रेत ‘संजीवनी’ म्हणून घेतलेली वाळकी गुंडाळी पाण्यात ठेवली. उलगडली, पण तपकिरीच राहिली. फसवणूक झाली का? आणि हे शेवाळ आहे का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : वनस्पती बहुधा खरीच, सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस, पण मेलेली. उलगडायला जीव लागत नाही, पाणी शोषून मेलेली फांदीही सरळ होते. कसोटी हिरवेपणाची. पुढच्या वेळी बशीत फक्त मुळं बुडतील इतकंच पाणी घ्या, सावलीत ठेवा. हिरवी झाली की रेताड मातीत लावा; बशीतच राहिली तर कुजते.

शेवाळ तर नव्हेच. हिला पाणी वाहणाऱ्या नलिका असतात, इवल्या पानात एकच शीर. फांदीच्या टोकाचा चौकोनी तुरा भिंगाखाली पाहा : पानांच्या बगलेत बीजाणूंच्या पिशव्या, काहींत मोठे, बहुधा चारच, बाकींत बारीक भुकटी. हिचा प्राचीन नातलग लेपिडोडेंड्रॉन सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वी 30 मीटरपर्यंत वाढे. युरोप-अमेरिकेतला बराच दगडी कोळसा अशाच झाडांचा. भारतातला गोंडवनी (गोंडवन या प्राचीन महाखंडावर तयार झालेला) कोळसा मात्र मुख्यतः ग्लोसोप्टेरिस या नामशेष, बीजधारी झाडांचा.