कार्बनी लघुग्रह खरंच कोळशाइतका काळा असतो का?

हो, अगदी तितका. माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे मथिल्ड. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात फिरणारा, सरासरी 53 किलोमीटर व्यासाचा हा लघुग्रह योहान पालिझा यांनी 1885 मध्ये व्हिएन्नातून शोधला.

इथे इंदुरात पावसाळ्यात राजवाड्यापाशी भुट्टे भाजणाऱ्यांच्या शेगडीशेजारी न पेटवलेल्या कोळशाचा ढीग असतो. त्यातला एक तुकडा मी मुद्दाम मागून घेतला आणि दिव्याखाली धरला. कडा तेवढ्या किंचित चमकतात, बाकी सगळा उजेड गडप. मथिल्डचंही तसंच आहे. त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम 4 टक्के परत येतो. चंद्राचा आकडा साधारण 12 टक्के, म्हणजे त्याच्यापुढे चंद्र उजळच म्हणायचा.

पण मला जास्त ओढ लावतं ते त्याचं पोट. जून 1997 मध्ये नासाचं निअर यान त्याच्यापासून सुमारे 1,200 किलोमीटरवरून गेलं, तेव्हा त्याची घनता पाण्याच्या फक्त 1.3 पट निघाली. पृथ्वीवर पडलेले कार्बनी उल्कापाषाण याहून बरेच जड असतात. म्हणजे आतली जवळपास निम्मी जागा रिकामी! 33 किलोमीटरचं कारू विवर पडूनही तो फुटला नाही, कारण धक्का या पोकळ्यांनीच पचवला, असं मानतात.

आणि हो, तिथल्या विवरांना पृथ्वीवरच्या कोळसाक्षेत्रांची नावं दिली आहेत. त्यात आपलं दामोदरही आहे.