पणजोबांचं युद्ध लिहिताना

माहीम, मुंबई

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

पणजोबांवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. 'डफरीन' या प्रशिक्षण बोटीवर शिकलेला, सिंदिया या देशी जहाज कंपनीच्या बोटींवर थर्ड ऑफिसर झालेला आणि युद्ध पेटल्यावर रॉयल इंडियन नेव्हीच्या राखीव दलात गेलेला माणूस आपल्या घरातला आहे, आणि तू त्याच्याबद्दल लिहायला बसलीस, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो. तुझ्या मसुद्यात पहिल्या पानापासून तोफा सुटतात, पण बोट चालवणारं त्यात कोणी दिसत नाही. पणजोबांना नेव्हीने घेतलं होतं ते बोट चालवता येते म्हणून.

1939 साली हिंदी नौदलाकडे जेमतेम आठ लढाऊ जहाजं होती. पुढे नवी जहाजं भराभर येत गेली. जहाज गोदीत बांधता येतं, पण सेक्स्टंटने तारे घेऊन भर समुद्रात आपण कुठे आहोत हे काढणारा, मॉन्सूनच्या उसळीत बोट सांभाळणारा अधिकारी काही महिन्यांत तयार होत नाही. पणजोबांकडे हे सगळं आधीपासून होतं. नेव्हीने त्यांना तोफखाना, सिग्नल, पाणबुडीचा माग काढणं एवढं वरचं शिकवलं. ते 'डफरीन'वरचे असल्याने आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. 1927 पासून माझगावच्या धक्क्यासमोर उभ्या असलेल्या त्या बोटीवरून हिंदी मुलं अधिकारी होऊन बाहेर पडत, पण मोठ्या ब्रिटिश कंपन्या त्यांना अधिकारी म्हणून घ्यायला राजी नसत. सिंदियासारख्या देशी कंपनीचाच त्यांना मुख्य आधार होता. पहिल्या तुकडीतले रामदास कटारी 1958 मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी नौदलप्रमुख झाले.

फोटोबद्दल विचारलं होतंस. त्यांच्या बाहीवरची सोनेरी पट्टी भिंगाने पाहा. कायम नौदलातल्या अधिकाऱ्याची पट्टी सरळ असायची, किनाऱ्यावरच्या नोकऱ्या सोडून आलेल्या स्वयंसेवक अधिकाऱ्याची नागमोडी, आणि व्यापारी बोटींवरून आलेल्याची दोन बारीक पट्ट्या एकमेकींत गुंफलेली. तुझ्या फोटोत गुंफलेली दिसली, तर 'हौसेने भरती झाले' हे वाक्य काढून टाक. ते मुळातच दर्यावर्दी होते.

आता ताफ्यांविषयी, म्हणजे रक्षक जहाजांच्या सोबतीने घोळक्याने जाणाऱ्या व्यापारी बोटींविषयी. मसुद्यात तू ते दोन ओळींत संपवलंस आणि मला तिथेच रेंगाळावंसं वाटतं. व्यापारी बोटीवरच्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच शिकवण असते: दुसऱ्या बोटीपासून लांब राहा, दिवे लावा, सरळ मार्गाने वेळेत पोहोच. ताफ्यात यातलं सगळं उलटं होतं. दिवे बंद, शेजारची बोट अंधारातली नुसती सावली, आणि तिच्यापासून ठरलेलं अंतर तासन् तास राखायचं. वेग सगळ्यात हळू बोटीचा. ठरल्या वेळी सगळ्यांनी एकदम दिशा बदलायची, म्हणजे पाणबुडीला नेम धरता येऊ नये. एखाद्या बोटीचं इंजिन रुसलं की ती मागे पडणार, आणि तिला सोडून पुढे जायचं की रक्षक जहाज मागे पाठवायचं, हे कोणाला तरी ठरवावं लागणार. असा निर्णय घेणारा माणूस कधीकाळी स्वतः मालवाहू बोटीवर राहिलेला असेल, तर मागे पडलेल्या बोटीच्या इंजिनरूममध्ये या क्षणी काय चाललं असेल हे त्याला ठाऊक असतं. राखीव दलातल्या माणसांचं खरं मोल मला इथे दिसतं.

लढाई लिहायचीच असेल तर 'बेंगाल'ची लिही, कारण तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन पणजोबांच्याच राखीव दलातले होते. 11 नोव्हेंबर 1942. ऑस्ट्रेलियात बांधलेलं हे लहानसं सुरुंगशोधक जहाज 'ओंदिना' या डच टँकरला सोबत करत हिंदी महासागरातून येत होतं. समोर दोन जपानी जहाजं आली, 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू'. प्रत्येक दहा हजार टनांवरचं, चौदा सेंटिमीटरच्या तोफा बसवलेलं. 'बेंगाल'वर मोठी म्हणावी अशी एकच तोफ, तीही बारा पौंडी. विल्सननी टँकरला निसटायला सांगितलं आणि आपलं जहाज सरळ शत्रूकडे वळवलं. 'होकोकू मारू'ला आग लागून तिचा स्फोट झाला आणि ती बुडाली. 'ओंदिना'चे कप्तान मारले गेले, पण दोन्ही जहाजं बंदराला लागली. निर्णायक गोळा 'बेंगाल'चा की 'ओंदिना'चा यावर दोन्हीकडचे दावे आहेत. तू दोन्ही लिही, निवाडा करू नकोस. आणि ती दोन जपानी जहाजंही मुळात प्रवासी-मालवाहू बोटीच होत्या, युद्धासाठी हत्यारबंद केलेल्या, हे विसरू नकोस.

तुझ्या मसुद्यात एकही खलाशी नाही, हे मला खटकलं. पणजोबा ब्रिजवर, म्हणजे बोट चालवण्याच्या जागी होते, तेव्हा डेकवर खलाशांचा मुकादम सारंग होता, त्याच्या हाताखालचा टंडेल होता, खाली भट्टीपाशी आगवाले होते. त्यांतले कितीतरी रत्नागिरीकडचे. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांचा पगार कितीतरी कमी. 1939 च्या अखेरीस ब्रिटिश बंदरांत त्यांनी पगारवाढीसाठी काम नाकारलं आणि त्यातल्या अनेकांना तुरुंगात जावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या हिंदी नाविकांच्या नावांची नोंदवही मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. नौदलाची नावं काही शेकडा, व्यापारी बोटींवरच्यांची हजारो. तिथे जा, परवानगी मागून ती पानं उलट. पणजोबांच्या बोटीचं नाव सापडलं नाही तरी ती नावं वाच.

एक प्रश्न तू टाळला आहेस. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर नाविकांनी संप पुकारला आणि तो सगळ्या बंदरभर पसरला. पणजोबा तेव्हा अधिकारी होते. ते कुठे होते, कोणाच्या बाजूने बोलले, की गप्प राहिले? घरात कोणाला माहीत असेल तर विचार. उत्तर अडचणीचं निघालं तरी लिही. सहा वर्षं इमानाने पाळ्या केलेल्या माणसाचं मोठेपण त्याने कमी होत नाही, आणि ते लपवलं तर वाचक बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवणार नाही.

पदकांबद्दल घरात जे सांगतात ते 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या जुन्या अंकांत ताडून पाहा. ते अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

शेवटचं. '1943 मध्ये विशेष काही घडलं नाही' असं तू लिहिलंस. त्या वर्षी जर्मन पाणबुड्या अरबी समुद्रात शिरल्या होत्या. मुंबईहून इराणच्या आखाताकडे ताफे जात-येत होते. ऑक्टोबरमध्ये 'यू-532'ने मलबार किनाऱ्याजवळ 'जलबाला' बुडवली. ती सिंदियाची बोट, म्हणजे पणजोबांच्या जुन्या कंपनीची. तिच्यावरची माणसं त्यांच्या ओळखीची असण्याचा संभव मोठा आहे. पेटीतली त्या वर्षाची पत्रं पुन्हा काढ, तारखा लाव, आणि 1943 चं प्रकरण आधी लिहून मला पाठव. बाकीचा मसुदा त्यानंतर पाहू.

तुझा,
कॅप्टनकाका