पीएचडीच्या दोन ऑफर, निवडू कोणती?

प्रश्न : मॅडम, अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळालाय. एकाचं रँकिंग वरचं, पण पहिल्या वर्षी स्टायपेंड नाही. दुसरं खालचं, पण पाच वर्षांचं फंडिंग देतंय, शिवाय श्रम-अर्थशास्त्राचे तीन प्राध्यापक तिथे आहेत. काय करू?

उत्तर : मी दुसरं घेईन. पहिल्या वर्षी मायक्रो, मॅक्रो, इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्रातली संख्याशास्त्रीय पद्धत) हे विषय एकदम अंगावर येतात, पाठोपाठ पुढे संशोधनाला जाण्यासाठीची पात्रता परीक्षा. त्यात घरभाड्याची काळजी नकोच. तीन प्राध्यापक ही तर मोठीच जमेची बाजू; एकटा मार्गदर्शक दुसरीकडे गेला, की विद्यार्थ्याचे फार हाल होतात, हे मी जवळून पाहिलंय.

मात्र होकार कळवण्यापूर्वी प्लेसमेंटची, म्हणजे पीएचडीनंतर कुणाला कुठे नोकरी लागली याची यादी बघा. वेबसाइटवरची दोन चमकदार नावं नव्हे, मागच्या काही वर्षांतले सगळे विद्यार्थी. किती जणांनी मध्येच सोडलं, हेही विचारा. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. मार्गदर्शक किती वेळा भेटतात, मसुदा वाचतात का, ते मोकळेपणाने सांगतात. पहिल्या विद्यापीठाला स्टायपेंडबद्दल एकदा नम्रपणे विचारायलाही हरकत नाही.

होकार-नकार कळवायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलची मुदत असते. पण ठरलं की नकार लगेच कळवा, प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी त्याच जागेकडे डोळे लावून असतं.