भीमथडीची घोडी वाशीच्या प्रदर्शनात कशी दाखवायची?

प्रश्न: नमस्कार, मी ऐरोलीला राहते. माझ्या मामांकडे दौंडजवळ भीमथडीची एक घोडी आहे, धनगरांकडून घेतलेली. जानेवारीत वाशीला पशुप्रदर्शन आहे, तिथे आम्हाला जागा मिळतेय. भाऊ म्हणतोय तिला नटवू, थोडं नाचायला शिकवू, नाहीतर शेजारी उंच मारवाडी घोडे असताना हिच्याकडे कोण बघणार. मामांना ते पटत नाहीये. काय करावं?

उत्तर: ताई, मामांचं ऐका. भीमथडीची तट्टं आपण सगळ्यांनी राज्यगीतात ऐकलेली असतात पण ठाणे-वाशीकडच्या किती पोरांनी ती डोळ्यांनी बघितलीयेत? तुमच्याकडे जे आहे ते दुर्मिळ आहे, त्याला मारवाडीची नक्कल कशाला करायला लावायची. अरबी-तुर्की रक्त इथल्या तट्टांत मिसळून भीमेच्या खोऱ्यात ही जात घडली, उंची कमी पण पाय दणकट, थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारी, म्हणून तर मराठ्यांच्या फौजेत चालली. पुढे ती धनगरांनी सांभाळली. जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत आता तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झालीये, देशातली घोड्यांची आठवी.

मग दाखवायचं काय, तर तिचं काम. मी एकदा धनगरांच्या एका वाड्यावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या तळावर, बिऱ्हाड हलताना बघितलंय. मावशींनी आधी घोंगडं दुमडून पाठीवर टाकलं, त्यावर खोगीर, मग दोन्ही बाजूंची ओझी हाताने तोलून बघितली, एका बाजूला भांडी जड होती म्हणून दुसऱ्या बाजूला ज्वारीचं गाठोडं सरकवलं, आणि वर कालच जन्मलेलं कोकरू बांधलं. घोडी एक कान मागे वळवून ऐकत होती, पाय हलवला नाही. हे वाशीत लोकांसमोर करा! ज्यांच्याकडून घोडी घेतली त्या घरातलं कोणी आलं तर त्यांनाच ओझं बांधू दे आणि बोलू दे, पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात कसे उतरतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायला मजा येईल. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन मात्र तुम्ही द्या. ओझं हलकं ठेवा, आणि दाखवून झालं की लगेच उतरवा. नाचाचं म्हणाल तर तिकीट लावून जनावराकडून खेळ करून घ्यायला कायद्याने आधी नोंदणी लागते, शिवाय महिन्याभरात शिकवलेला नाच बहुतेक वेळा माराने शिकवलेला असतो.

आता कागदपत्रं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आत्ताच करून घ्या, हा रोग माणसालाही होतो, आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. सोबत प्रवासासाठी सरकारी डॉक्टरांचा आरोग्य दाखला, धनुर्वाताची लस दिलेली आहे ना तेही बघून घ्या.

टेम्पोत पेंढा जाड टाका, ऊन टाळून रात्री निघा, घाट उतरायच्या आधी लोणावळ्याला थांबून पाणी दाखवा, आणि एक दिवस आधी पोचा. चंदी (घोड्याचा दाणा) आणि कडबा घरचाच आणा. चारा अचानक बदलला की घोड्याला पोटशूळ होतो आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे ते जिवावर बेतू शकतं. काही घोडी नवीन पाण्याला तोंड लावत नाहीत, घरचं पाणी दोन कॅन भरून आणा किंवा घरी असतानाच पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावा म्हणजे वाशीच्या पाण्याची चव तिला वेगळी लागणार नाही.

स्टॉल स्पीकरपासून लांब मागून घ्या, ही गोष्ट आयोजकांशी आत्ताच बोला. घरी रोज थोडा वेळ मोबाईलवर बँडचा, गर्दीचा आवाज लावा, आधी बारीक मग वाढवत. घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून मुलांना खांद्याच्या बाजूने, एकेकटं, बोलत बोलत पुढे आणायचं आणि मानेवर हात ठेवायला द्यायचा. पाठीवर बसवून फोटो नको, पैसे मिळाले तरी नको. म्होरकी (तोंडाला बांधलेली दोरी) धरायला मामाच हवेत, तिला त्यांचा हात माहितीये. आणि दर दोन तासांनी तिला गर्दीतून बाहेर सावलीत न्या, तेवढा वेळ स्टॉलवर नुसतं खोगीर आणि घोंगडं राहिलं तरी चालेल, लोक थांबतात.

एक राहिलं. घोडी काठियावाडी किंवा इतर कशाशी संकर झालेली असेल तर पाटीवर तसंच स्पष्ट लिहा, ज्यांच्याकडून घेतली त्यांना आई-बाप नक्की माहीत असतील, फोन करून विचारा.