फ्लेक्स आधी, बारावीचा निकाल नंतर

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारे तिथल्या कोर्टात पंचवीसेक वर्षं वकिली करतात. घरची ओलिताची शेती, २२ जनावरांचा गोठा, पतसंस्थेचं अध्यक्षपद, समाजाच्या वसतिगृह समितीवर नाव. मुलाला बारावी विज्ञानला ६१ टक्के मिळाले. त्यांचा प्रश्न असा: “पाच वर्षांच्या लॉला कुठे टाकू, म्हणजे पुढे माझं ऑफिस, शेती-दुधाचा धंदा आणि समाजाचं काम तिन्ही तो सांभाळेल? आमच्या वसंतराव नाईक साहेबांनी हेच केलं.”

वकीलसाहेब, नमस्कार.

टक्क्यांचं नंतर पाहू. ६१ टक्क्यांनी कुणाचं आयुष्य अडत नाही. मला खटकली ती पत्राच्या मध्यावर तुम्ही सहज टाकलेली एक ओळ. मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला, त्यावर ‘भावी नगराध्यक्ष’ छापलं होतं, आणि मुलगा त्या दिवशी सकाळीच मामाच्या गावी निघून गेला. “जरा लाजाळू आहे,” एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात.

हा लाजाळूपणा नाही, साहेब. ज्याने अजून एकदाही मतदान केलेलं नाही त्याला तुमच्या चौकाने पद देऊन टाकलं. उद्या त्याचा सीईटीचा एक पेपर बिघडला, तर तो निकाल घरात राहणार नाही. बाररूममध्ये, पतसंस्थेच्या काउंटरवर, चहाच्या टपरीवर ‘वकीलसाहेबांचा पोरगा’ हाच विषय असेल. मोठ्या शहरात नापास झालेल्या मुलाला निदान ओळख नसण्याचा फायदा मिळतो. तालुक्याच्या गावी तुमच्या मुलाला तोही नाही. त्याला जायला एकच जागा होती, मामाचं गाव, तिथे तो गेला.

फ्लेक्स कार्यकर्त्यांनी लावला, तुम्ही नाही, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण साहेबांना काय आवडतं हे कार्यकर्त्यांना नेमकं ठाऊक असतं.

पत्रात तुम्ही भरपूर आहात. तुम्ही लढलेले वाटणीचे दावे, सोडवलेली बांधाची भांडणं, वसतिगृहासाठी गोळा केलेली वर्गणी. वाचून आदर वाटला, खरंच. तालुक्याच्या कोर्टात सातबारा आणि फेरफारांमध्ये वर्षानुवर्षं डोकं घालून गावात शब्द राखणं सोपं नाही. मुलगा मात्र दोनदाच भेटतो. एकदा गुणपत्रिकेत, आणि एकदा तक्रारीत: “ऑफिसात येऊन बस म्हटलं तर बसत नाही, सकाळ-संध्याकाळ गोठ्यात. कोणती लाल कंधारी गाय माजावर आली, कधी फळली, कधी व्यायली, कुणाचं दूध किती, याची वही ठेवत बसतो.” कुणी न सांगता अठरा वर्षांचा मुलगा रोजची नोंद ठेवतो. तुमच्या सबंध पत्रात मला भरवसा वाटावा अशी ही एकच गोष्ट सापडली, आणि तुम्ही ती त्याचा दोष म्हणून लिहिलीत.

नाईक साहेबांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून त्यावरही बोलते. तुमच्या भागात ते नाव काढलं की समोरचा गप्प बसतो, हे मला माहीत आहे. पण त्यांचं आयुष्य तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. गहुलीच्या बंजारा तांड्यावर १९१३ साली जन्म, वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख. घरात पुढारपण होतं, इथवर तुमचं खरं. पण वकिली घरात नव्हती. नागपूरला कायद्याची पदवी घेतल्यावर ते शिकायला गेले ते अमरावतीला, पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली. पुसदला येऊन त्यांनी वकिली मांडली ती त्यानंतर. १९४१ साली वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं, तेही जातीबाहेर, आणि त्या काळात त्याची किंमत मोजून. १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ साली आमदार, डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री. यातली कुठली पायरी वडिलांनी आखून दिली होती, सांगा. राज्यातली चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. अकोल्याच्या विद्यापीठाला त्यांच्या गुरूचं नाव आहे, परभणीच्या विद्यापीठाला आता त्यांचं. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. माणूस वकील होता हे आज किती जणांच्या लक्षात आहे? लोकांनी लक्षात ठेवलं ते शेतीतलं काम.

आता तुमच्या मनातला एक गैरसमज. वकिलाने वकिलाला सांगावं असं हे आहे, पण तुम्ही नियम विसरला आहात असं दिसतं. “सनद असली म्हणजे हाताशी एक इज्जतीचं काम राहील, बाकी पन्नास जनावरांचा गोठा करू, आजूबाजूचं दूध घेणारं संकलन केंद्र टाकू, तो सगळं बघेल,” असं तुम्ही लिहिता. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खालचे बार काउन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम पुन्हा काढून वाचा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन वकिली करणाऱ्याला स्वतः धंदा चालवता येत नाही. कामकाज न पाहणारा, निष्क्रिय भागीदार राहता येतं, तेही धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा नसेल तर. कंपनीचा संचालक होता येतं, पण कार्यकारी काम अंगावर घेता येत नाही. आणि तुमच्या घराला थेट लागू होणारा नियम हा: वारशाने आलेला धंदा वकिलाला चालू ठेवता येतो, पण त्याच्या व्यवस्थापनात स्वतः भाग घेता येत नाही. घरची जमीन राखायला, पिकवायला कुणी हरकत घेत नाही, निम्मी कोर्टं शेतकरी वकिलांनीच भरलेली आहेत. पण चार गावांचं दूध फॅटप्रमाणे भाव देऊन घेणं आणि विकणं हा धंदा आहे. म्हणजे ज्या कामात मुलाचा जीव आहे ते त्याने फक्त लांबून पाहावं, अशी व्यवस्था तुम्ही त्याच्यासाठी करताय, आणि तिला ‘तिन्ही सांभाळणं’ म्हणताय. राजकारणाचं तसं नाही. आमदार-खासदारांना वकिली करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय. नगरपालिकेला उभं राहायला २१ वर्षं पूर्ण लागतात, पदवी लागत नाही. तेव्हा नेता होण्यासाठी वकील व्हावं लागतं, ही समजूतही सोडून द्या.

कायद्याची वाट त्याला स्वतःला हवी असेल तर ती अवघड नाही. एमएच-सीईटी लॉ किंवा क्लॅट ही प्रवेशपरीक्षा, पाच वर्षं, मग सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचं तर आता आधी तीन वर्षांची वकिली हवी. पदवी दुसऱ्या विषयात घेऊन नंतर तीन वर्षांचं लॉ करायचा रस्ताही उघडा आहे, त्यामुळे आज नाही म्हटलं तर दार कायमचं बंद होत नाही. मात्र तो या वाटेने गेलाच, तर पहिली काही वर्षं त्याला तुमच्या ऑफिसात बसवू नका. नाईक साहेब अमरावतीला गेले होते, हा जिल्ह्याच्या कोर्टात एखाद्या अनोळखी सीनियरकडे जाऊ दे. तुमच्या खुर्चीशेजारी बसलेल्या मुलाला पक्षकार काम देतील ते तुमच्याकडे बघून, आणि तो चुकला तर सांगणार कुणी नाही. तुमची पंचवीसेक वर्षांची पाठांतरंही त्याला फारशी पुरणार नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, कलमांचे आकडे तुम्हालाही नव्याने शिकावे लागताहेत.

माझं मत विचाराल तर मी त्याला आधी दुधाच्या शिक्षणाकडे पाहायला सांगेन. पशुवैद्यक व्हायचं तर नीटशिवाय इलाज नाही आणि अभ्यास साडेपाच वर्षांचा. पण दुग्ध तंत्रज्ञानाची चार वर्षांची बी.टेक. आहे, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, आणि तिची कॉलेजं कुठे आहेत माहीत आहे? एक उदगीरला, दुसरं तुमच्या पुसदजवळ वरूडला. नाईक साहेबांच्या पुसदचा दाखला देताना शेजारचं हे कॉलेज तुमच्या नजरेतून सुटलं, कारण तुम्ही फक्त बाररूमकडे पाहत होता. गणित विषय बारावीला असेल तर एमएचटी-सीईटीवरून तिथे प्रवेश होतो. नसेल तर कृषी पदवी, पशुसंवर्धनाची पदविका असे पर्याय आहेत. पाश्चरायझर, शीतकरण, भेसळ तपासणी, चीज-पनीरचं गणित शिकलेला मुलगा ज्या दिवशी दूध संकलनाला बसेल, त्या दिवशी गावातले वीस-पंचवीस दूध घालणारे त्याच्याकडे भाव विचारायला येतील. त्यांचं ऐकून घेणं, हिशेब उघडा ठेवणं, दूध परत करताना तोंडावर सांगणं, यातूनही माणूस पुढारी होतो. पण हा माझा अंदाज आहे, आणि तोही तुमच्या तक्रारीवर बांधलेला. तुमच्या जागी माझा आग्रह त्याच्या डोक्यावर बसवायचा नाही.

म्हणून एक करा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. वही सोबत पाठवली तर उत्तमच, कोणत्या गाईचं दूध का आटलं यावर तो काय लिहितो ते मला वाचायचं आहे. तुम्ही पत्र पाहू नका, शुद्धलेखनही तपासू नका. उत्तर त्याच्याच नावाने जाईल.

आणि सीईटी सेलच्या अर्जात सध्या मोबाईल नंबर तुमचा आहे, असं तुम्हीच लिहिलंय, “ओटीपी माझ्याकडे आला म्हणजे लक्ष राहतं.” अर्ज दुरुस्तीची मुदत उघडली की तो बदलून त्याचा घाला. कॉलेजांचे पर्याय भरायची वेळ येईल तेव्हा लॉग-इन त्याच्या हातात असू दे.